फरशीखालचे मिश्रण : टाइल अ‍ॅडहेसिव्ह निवडताना

मुंबईत नोकरी आणि माणगावला घर असा दुहेरी संसार असणारी कुटुंबे रायगड जिल्ह्यात पुष्कळ आहेत. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे ही दोन्ही हाताशी असल्याने गणपती, शिमगा आणि मे महिना गावच्या घरी घालवता येतो. एरवी दाराला कुलूप असते. अशा एखाद्या बंद घराचे दार पावसाळ्यानंतर उघडावे, तर बैठकीच्या खोलीतील चार-सहा टाइल्स मधोमध तंबूसारख्या वर उचलल्या गेलेल्या दिसतात. बोल टाइल बनविणाऱ्या कंपनीला लागतो, नाहीतर मिस्त्रीला. पण उचललेली टाइल उलटी करून पाहिली, की बहुतेक वेळा खरे कारण समोर येते. टाइलची पाठ जवळजवळ कोरी असते आणि सिमेंटचा थर तिच्या मागच्या नक्षीचा ठसा घेऊन खालीच राहिलेला असतो. याचा अर्थ ती टाइल चिकटलेलीच नव्हती. शेजारच्या टाइल्सच्या दाटीने ती इतके दिवस जागेवर राहिली होती.

हा प्रकार आताच का वाढला, हे समजण्यासाठी जुन्या जमिनी आठवाव्या लागतात. कोकणातील घरात पूर्वी सारवलेली जमीन असे. मग कोबा आला, शहाबादी फरशी आली आणि सिमेंटची रंगीत नक्षीदार लादी आली. अशा लाद्या बनविणाऱ्या, १९२२ साली स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग्जचा पहिला कारखाना तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, उरणला होता. या सर्व जमिनींमध्ये एक गोष्ट समान होती. लादी सच्छिद्र आणि पाणी शोषणारी होती. दीड-दोन इंच जाडीच्या सिमेंट-वाळूच्या थरावर सिमेंटची रबडी ओतून ती बसविली, की रबडीतील पाणी लादीत जिरे, त्याबरोबर सिमेंटचे सूक्ष्म कण छिद्रांत शिरत आणि तेथेच त्यांचे स्फटिक होऊन पकड बसे. गवंड्यांच्या कित्येक पिढ्यांनी हीच पद्धत शिकली आणि ती चुकीचीही नव्हती.

व्हिट्रिफाइड टाइलने हे गणित बदलले. ही टाइल उच्च तापमानाला इतकी भाजलेली असते, की ती वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर लागणारी साधी सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते. त्यामुळे तिच्यामागे सिमेंटची रबडी बऱ्यापैकी धरते. व्हिट्रिफाइडच्या पाठीला मात्र सिमेंटचे कण शिरण्यासाठी छिद्रेच नाहीत. डाग न पडणे, पाणी न मुरणे, या ज्या गुणांसाठी ग्राहक ती पसंत करतो, तेच गुण तिला सिमेंटपासून अलिप्त ठेवतात.

या अडचणीवरचे उत्तर म्हणजे पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह. हेन्री रॉथबर्ग या अमेरिकी रसायन अभियंत्याने १९५० च्या दशकात सिमेंटमध्ये लॅटेक्स मिसळून टाइल्स पातळ थरावर बसविण्याची पद्धत विकसित केली. आजच्या पोत्यातील भुकटीत सिमेंट आणि बारीक वाळू असते. त्याशिवाय आणखी दोन घटक असतात आणि किंमत मुख्यत्वे त्यांचीच असते. पहिला सेल्युलोजपासून बनविलेला. तो मिश्रणातील पाणी धरून ठेवतो, म्हणजे काही मिलिमीटरचा पातळ थरही सिमेंट पक्के होण्याआधी सुकत नाही. दुसरा घटक पाण्यात पुन्हा विरघळल्यासारखा पसरणारी पॉलिमर भुकटी. थर सुकताना तिचा चिवट पापुद्रा तयार होतो आणि तो छिद्रे नसलेल्या पृष्ठभागालाही धरतो. पॉलिमर जितके अधिक, तितकी पकड आणि लवचीकपणा अधिक आणि भावही अधिक. दुकानात एकाच कंपनीची चार-पाच पोती चार-पाच भावांनी मिळतात, त्याचे हे कारण आहे.

पोत्यावरचा मजकूर

पोत्यावरील नावापेक्षा त्याखालचा बारीक मजकूर वाचणे महत्त्वाचे. भारतीय मानक ब्यूरोचे टाइल अ‍ॅडहेसिव्हसाठीचे मानक आयएस १५४७७ या क्रमांकाचे आहे. २००४ साली ते प्रथम आले तेव्हा त्यात दोनच प्रकार होते. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत ते पाच झाले. ढोबळमानाने पहिला प्रकार घराच्या आतील, पाणी शोषणाऱ्या सिरॅमिक टाइल्ससाठी; दुसरा व्हिट्रिफाइडसाठी; तिसरा मोठ्या आकाराच्या टाइल्स, नैसर्गिक दगड आणि जुन्या लादीवर नवी लादी बसविण्यासाठी; चौथा ऊन-पाऊस झेलणाऱ्या दर्शनी भिंती आणि तत्सम कठीण जागांसाठी; आणि पाचवा लाकूड, धातू, काच अशा पृष्ठभागांसाठी असतो. प्रकाराच्या आकड्यापुढे इंग्रजी ‘टी’ असेल, तर भिंतीवर लावलेली टाइल ओल्या मिश्रणावरून खाली घसरत नाही, असे समजावे.

काही पोत्यांवर आंतरराष्ट्रीय खुणाही असतात. ‘सी१’ म्हणजे चौरस मिलिमीटरला किमान अर्धा न्यूटन आणि ‘सी२’ म्हणजे किमान एक न्यूटन ओढ सहन करणारे सिमेंटयुक्त अ‍ॅडहेसिव्ह. ‘ई’ म्हणजे पसरल्यानंतर टाइल लावण्यासाठी अधिक अवधी देणारे. ‘एस१’ आणि ‘एस२’ म्हणजे वाकण्याची क्षमता असलेले. व्हिट्रिफाइडसाठी ‘सी२’ हवे, ही किमान अट मानावी. पोत्यावर यांपैकी काहीच छापलेले नसेल, तर ते कितीही स्वस्त असले तरी दुकानातच ठेवणे बरे.

एवढे कळले म्हणजे निवड झाली, असे मात्र नाही. पोत्यावरचा प्रकार प्रामुख्याने टाइलच्या बाजूने विचार करतो. टाइलखाली काय आहे, हे घरमालकालाच पाहावे लागते आणि माणगावसारख्या ठिकाणी खरी मेख तेथेच आहे.

जोत्यातील ओल

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. जुन्या घरांची जोती दगड-मातीची. ओल वर चढू नये म्हणून घालावयाचा थर त्यांत बहुधा नसतोच. सारवलेल्या जमिनीतून ही ओल हळूहळू हवेत निघून जाई. कोबाही थोडाफार श्वास घेई. त्याच जोत्यावर व्हिट्रिफाइड टाइल बसविली, की जमिनीवर जणू झाकण पडते. मग ओलीला सांध्यांखेरीज वाट राहत नाही. सांध्यांतून पांढरी पूड वर येते आणि ‘लादीला लोणा लागला’ अशी तक्रार सुरू होते. ही पूड म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार. थरासाठी खाडीची न धुतलेली रेती वापरली असेल, तर क्षारांची भर घरमालकाने स्वतःच घातलेली असते. कितीही महाग अ‍ॅडहेसिव्ह घेतले, तरी ते या ओलीवरचा उपाय नव्हे.

ओल आहे की नाही, हे पाहण्याची सोपी चाचणी आहे. सुमारे दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. सोळा ते चोवीस तासांनी आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमले किंवा कोबा काळपट पडला, तर जमीन लादीसाठी तयार नाही. ही चाचणी एप्रिलमध्ये केली तर निकाल फसवा असू शकतो. पावसाळा संपता संपता केली तर जोत्याचा खरा स्वभाव समजतो. ओल असेल, तर कोबा काढून खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अथवा ओलप्रतिबंधक लेप देऊन पुन्हा कोबा करावा लागतो. हा खर्च टाळण्याचा मोह फार होतो. ज्यांना तो परवडत नाही, त्यांनी व्हिट्रिफाइडचा हट्ट सोडून कोटा किंवा शहाबादी फरशी घालावी. या फरश्या जुन्या पद्धतीने सिमेंट-वाळूच्या थरावर उत्तम बसतात, त्यांना अ‍ॅडहेसिव्हची निकड नसते आणि कोकणातील पडवीला त्या शोभतातही.

नव्या बांधकामात प्रश्न उलटा असतो. तेथे ओल असते ती बांधकामातील पाण्याची. स्लॅब आणि गिलावा यांतील पाणी उडून जाताना ते आकसतात. वर टाइल्स एकमेकींना घट्ट भिडवून लावलेल्या असल्या, तर खालचा पृष्ठभाग आकसला की टाइल्सवर दोन्ही बाजूंनी दाब येतो आणि जेथे पकड कमी तेथे त्या वर उचलल्या जातात. सुरुवातीला उल्लेखिलेला तंबू होतो तो असा. नवा गिलावा किंवा कोबा पाणी मारून झाल्यावर निदान तीन-चार आठवडे सुकू द्यावा. गृहप्रवेशाचा मुहूर्त आधी काढून लादीवाल्याला तारीख देण्याची जी घाई चालते, ती येथे फार महाग पडते.

भिंतीच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. नव्या सदनिकांमध्ये सिमेंटच्या गिलाव्याऐवजी जिप्समचा गुळगुळीत गिलावा सर्रास दिसतो. जिप्सम आणि ओले सिमेंट यांची रासायनिक प्रक्रिया होऊन मधला थर भुसभुशीत होतो. म्हणून मध्ये योग्य प्रायमर लागतो. शिवाय अशा गिलाव्याने पेलावयाचे वजन चौरस मीटरला २० किलोपेक्षा अधिक असू नये, असा ब्रिटिश संकेत आहे. दहा मिलिमीटर जाडीच्या व्हिट्रिफाइड टाइलचे स्वतःचेच वजन त्याहून अधिक भरते. न्हाणीघरात तर जिप्सम नकोच. जांभ्याच्या चिऱ्याची उघडी भिंत असेल, तर तिच्यावर थेट टाइल लावू नये. सिमेंटचा गिलावा आधी हवा.

जागा बदलली, की पोते बदलते

न्हाणीघर आणि मोरी या ठिकाणी सर्वांत मोठा गैरसमज असा, की चांगले अ‍ॅडहेसिव्ह आणि इपॉक्सीचे सांधे असले म्हणजे गळती होणार नाही. अ‍ॅडहेसिव्ह पाण्यात टिकते, पण पाणी अडवीत नाही. वॉटरप्रूफिंगचा थर त्याच्या खाली स्वतंत्रपणे द्यावा लागतो, आणि निदान चोवीस तास पाणी साठवून तो तपासल्याशिवाय एकही लादी बसू देऊ नये.

गच्चीची गोष्ट आणखी कठीण. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा तडाखा माणगाव तालुक्यालाही बसला आणि घरांवरील कौले-पत्रे उडाले. त्या अनुभवानंतर ज्यांनी छपराऐवजी स्लॅब घातला, त्यांच्यापुढे आता उघड्या गच्चीवर कोणती लादी आणि कशी, हा प्रश्न आहे. उन्हाने तापलेल्या गच्चीवर वळवाची सर आली, की काही मिनिटांत तापमान उतरते. काँक्रीट आणि व्हिट्रिफाइड टाइल सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. काँक्रीट जवळजवळ दीडपट अधिक पावते. सहा मीटर लांबीच्या गच्चीवर तीस अंशांचा फरक पडला, तर दोहोंच्या हालचालीत पाऊण मिलिमीटरच्या आसपास तफावत येते. आकडा लहान वाटतो, पण ताठ थराला चीर पाडण्यास तो पुरेसा आहे. म्हणून गच्चीवर ‘एस१’ दर्जाचे लवचीक अ‍ॅडहेसिव्ह, टाइल्समध्ये पाच मिलिमीटरच्या आसपास सांधा आणि दर आठ ते बारा फुटांवर सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने भरलेला सांधा, अशी तिहेरी तजवीज लागते. घरात हाच लवचीक सांधा वीस-पंचवीस फुटांवर आणि भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगखाली झाकला जाईल असा सोडला तरी चालतो. सांधा दिसू नये म्हणून टाइल्स भिडवून लावण्याचा आग्रह ग्राहकच धरतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

जुनी लादी न काढता तिच्यावर नवी बसविणे शहरांत आता नित्याचे झाले आहे. धूळ आणि राडारोडा टळतो, ही सोय खरी. मात्र जुनी लादी पक्की आहे का, हे लाकडी दांड्याने ठोकून आधी पाहावे. जी पोकळ वाजेल ती काढावी, तेलकटपणा धुवून पृष्ठभाग थोडा खरवडावा आणि तिसऱ्या प्रकारचे अ‍ॅडहेसिव्ह वापरावे. दारे खालून तासावी लागतील, याचा विसर पडतो. पांढरा संगमरवर आणि काचेची मोझेक यांसाठी करडे अ‍ॅडहेसिव्ह वापरल्यास ते वरून दिसते. तेथे पांढरेच हवे. हिरवा संगमरवर पाण्याने वाकतो, म्हणून त्याला सिमेंटयुक्त नव्हे, तर इपॉक्सीसारखे पाण्याविना पक्के होणारे अ‍ॅडहेसिव्ह लागते.

मिस्त्रीचा हात

योग्य पोते आणूनही काम फसते, त्याला बहुधा एक सवय कारणीभूत असते. टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे ठेवायचे आणि ती भिंतीवर दाबायची. या पद्धतीने ओळंबा पटकन मिळतो आणि गिलाव्याचा वाकडेपणा लपतो. म्हणून ती मिस्त्रींना सोयीची वाटते. पण गोळ्यांच्या मधला भाग पोकळ राहतो. जमिनीवर त्या पोकळीवर वरवंटा किंवा गॅसचा सिलिंडर आदळला, की कोपरा उडतो. न्हाणीघरात तीच पोकळी पाण्याने भरून खालच्या मजल्याच्या छताला डाग पाडते. भिंतीवरची दोन फूट बाय चार फुटांची व्हिट्रिफाइड टाइल पंधरा किलोच्या पुढे भरते. ती आंघोळ करणाऱ्याच्या अंगावर निखळली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने सरळ, समांतर रेघांत पसरायचे आणि टाइल त्या रेघांना आडवी किंचित सरकवून दाबायची, म्हणजे आतली हवा निघते. कोरड्या खोलीत टाइलची निदान ८० टक्के आणि न्हाणीघरात व बाहेर ९५ टक्के पाठ मिश्रणाला टेकली पाहिजे. मोठ्या टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवावा लागतो. त्याआधी ती पाठ ओल्या फडक्याने पुसावी. भट्टीत टाइल चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी भुकटी तेथे असते आणि मिश्रण टाइलऐवजी त्या भुकटीलाच चिकटते. पहिल्या काही टाइल्स बसविल्यावर त्यांतील एक लगेच उचलून मागे पाहावे. एवढी एक तपासणी समक्ष केली, तर उरलेल्या कामाची पुष्कळशी हमी मिळते.

जुन्या पद्धतीतील आणखी दोन सवयी येथे बाधक ठरतात. टाइल्स पाण्यात भिजत घालणे हा सिमेंटच्या रबडीचा नियम होता. अ‍ॅडहेसिव्हला टाइल कोरडीच हवी. पोते पुरवण्यासाठी त्यात सिमेंट किंवा वाळू मिसळणे, अथवा घमेल्यात घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालणे, हे दोन्ही पॉलिमरचे प्रमाण आणि पकड बिघडवतात. पाणी पोत्यावर लिहिले असेल तितकेच, मापून घालावे. साधे अ‍ॅडहेसिव्ह पसरल्यावर सुमारे वीस मिनिटांत आणि ‘ई’ खुणेचे तीस मिनिटांत टाइलखाली गेले पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात, खिडक्या उघड्या असताना, हा अवधी आणखी घटतो. बोट लावून पाहावे. मिश्रण बोटाला लागले नाही, वर साय धरली असली, तर ते खरवडून टाकावे. येथे मिस्त्री आणि मालक यांच्यात वाद होतात, कारण खरवडलेले मिश्रण वाया गेलेले दिसते.

किती पोती लागतील, याचा हिशेब करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थराला साधारण दीड किलो भुकटी धरावी. शंभर चौरस फुटांची खोली म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. तीन मिलिमीटर थराला सुमारे ४२ किलो, तर मोठ्या टाइल्ससाठी पाच मिलिमीटर थराला ७० किलो, म्हणजे २० किलोची साडेतीन पोती. मिस्त्रीने याच्या निम्मी पोती पुरतील असे सांगितले, तर तो गोळे ठेवणार आहे, हे ओळखावे. दुप्पट सांगितली, तर कोबा समतल नाही आणि तो खड्डे अ‍ॅडहेसिव्हनेच भरू पाहतो आहे. हे काम आधी कोबा सारखा करून स्वस्तात होते. या पातळ थराचा एक फायदा जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना उपयोगी आहे : दोन इंची सिमेंटचा थर चौरस मीटरला सुमारे शंभर किलो वजन स्लॅबवर टाकतो, अ‍ॅडहेसिव्हचा थर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका.

गावी काम काढायचे, तर पोती पावसाळ्यापूर्वी आणून ठेवण्याची चूक करू नये. दमट हवेत सिमेंटप्रमाणेच ही भुकटीही गाठी धरते. थोडाच काळ ठेवावी लागली, तर फळ्यांवर, भिंतीपासून दूर, प्लॅस्टिकने झाकून ठेवावी. पोत्यावरील उत्पादनाची तारीख घेतानाच पाहावी आणि गाठी झालेले पोते चाळून वापरू देऊ नये. माणगावच्या हवेत जमिनीच्या कामाला दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सर्वांत अनुकूल. जोते बरेच सुकलेले असते, ऊन प्रखर नसते आणि शिमग्याला घर उघडण्याआधी काम पुरे होते.

काम संपल्यावर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता लगेच देऊ नये. मिश्रण पक्के होण्यास दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग प्रत्येक टाइलवर, विशेषतः कोपऱ्यांवर, नाण्याने किंवा लाकडी दांड्याने ठोकून आवाज ऐकावा. पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर खडूने खूण करून त्या त्याच्याकडूनच बदलून घ्याव्यात. त्याच रंगाच्या, त्याच खोक्यावरील क्रमांकाच्या आठ-दहा टाइल्स माळ्यावर जपून ठेवाव्यात. वर्षभराने ती छटा दुकानात मिळेलच, याचा भरवसा नसतो.